मैदानाला हवीत माणसे

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. असे खेळाडू घडवणाऱ्या स्थानिक मंडळांत पैशाइतकीच टंचाई असते ती माणसांची. माती सारखी करणे, फक्कीच्या रेषा आखणे, सामन्यात गुणलेखक म्हणून बसणे, लहान मुलींना अंधार पडल्यावर घरी पोचवणे, ही कामे नुसत्या देणगीने होत नाहीत. ‘आम्ही कधी खेळलोच नाही’ ही सबब टिकत नाही. जमाखर्च लिहायला सूर मारता यावा लागत नाही. ‘फुकट राबणाऱ्यांमुळे सरकारचे फावते’ हा आक्षेप मात्र गंभीर आहे. प्रशिक्षकाला मानधन मिळायलाच हवे. पण अनुदानाचा अर्ज करायचा, तर मंडळाचे दप्तर नीट ठेवणारा कुणीतरी आधी लागतो.