चार बोल्टांवरचं इंजिन

१९७६ साली ‘ॲपल’ सुरू करायला पैसे हवे होते, म्हणून स्टीव्ह वॉझ्नियाकने आपला ह्यूलेट-पॅकार्डचा कॅल्क्युलेटर विकला आणि स्टीव्ह जॉब्जने आपली फोक्सवॅगन व्हॅन. उद्योजकतेच्या व्याख्यानांत ही गोष्ट हमखास येते. तिचा उत्तरार्ध मात्र वक्ते गाळतात. वॉल्टर आयझॅकसनने लिहिलेल्या जॉब्जच्या चरित्रात तो आहे: व्हॅन विकत घेणारा माणूस दोनच आठवड्यांत जॉब्जला शोधत आला, कारण गाडीचं इंजिन बसलं होतं. दुरुस्तीचा निम्मा खर्च जॉब्जने द्यायचं कबूल केलं.

फोक्सवॅगनच्या ‘टाइप २’ व्हॅनची ओळख करून घ्यायची तर हा उत्तरार्ध आधी ऐकलेला बरा. जर्मनीत तिला ‘बुली’ म्हणतात, ब्राझीलमध्ये ‘कोंबी’. या व्हॅनमध्ये बिऱ्हाड मांडून माणसं युरोपातून काबूलला, काठमांडूला, गोव्याला आली आणि गाडी बंद पडून वाटेत ठिकठिकाणी अडकली. व्हॅन स्वस्तात मिळे, आत ऐसपैस झोपता येई, हे खरं. पण लांबच्या वाटेला तिच्यावर लोकांचा जीव जडला त्याला आणखी एक कारण होतं. तिचे बहुतेक बिघाड रस्त्याच्या कडेला, मोजक्या पान्यांनी, चालवणाऱ्यालाच काढता येत.

वहीतलं एक पान

दुसऱ्या महायुद्धानंतर वोल्फ्सबुर्गचा फोक्सवॅगन कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता. तिथे कामगारांनी सामान वाहायला बीटल गाडीच्या सांगाड्यावर उघडे गाडे बनवले होते. बेन पोन हा डच व्यापारी बीटल आयात करण्याच्या खटपटीत होता. ते गाडे त्याच्या डोळ्यांत भरले. २३ एप्रिल १९४७ रोजी त्याने आपल्या वहीत एक चित्र काढलं: चार चाकांवर एक खोकं, चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मधली सगळी जागा सामानाला.

चित्र लहान मुलानेही काढावं इतकं सोपं होतं, पण त्यामागचा हिशेब पक्का होता. भार दोन आसांच्या मध्ये येत असल्याने गाडी भरलेली असो की रिकामी, तोल फारसा ढळत नाही. १९४८च्या जानेवारीत हाइन्रिश नॉर्डहॉफ कारखान्याचा प्रमुख झाला आणि त्याने हे काम हाती घेतलं. बीटलचाच सांगाडा वापरून केलेला पहिला नमुना भाराखाली टिकला नाही. मग लांब पोलादी पट्ट्यांवर स्वतःचा भार स्वतः पेलणारी नवी बॉडी बांधली. सपाट तोंडाला वाऱ्याचा विरोध फार होईल म्हणून ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठातल्या वातबोगद्यात प्रतिकृती तपासल्या आणि नाक गोल केलं. ८ मार्च १९५० रोजी नियमित उत्पादन सुरू झालं. १९५१ पासून वेस्टफालिया कंपनी तिच्यात पलंग, कपाटं आणि पडदे बसवून देऊ लागली. मालवाहू गाडीचं फिरतं घर झालं ते तिथून.

इंजिन मात्र बीटलचंच राहिलं: ११३१ सीसीचं, चार सिलिंडरचं, २५ अश्वशक्तीचं. आजच्या १५० सीसीच्या दोन मोटरसायकली मिळून जेवढी ताकद होते, जवळपास तेवढ्यावर ही टनभराची गाडी आणि वर पाऊण टन सामान ओढायचं. चढावर दम टिकावा म्हणून मागच्या चाकांपाशी वेगळे गिअर बसवून गाडीला ओढ दिली. त्याची किंमत वेगात मोजावी लागली. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास तिची धाव संपे. पुढच्या वर्षांत इंजिन १२००, १५००, १६०० सीसी असं वाढत गेलं, पण ताकद आणि वजन यांचं गणित कायम ताणलेलंच राहिलं. तिच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या ताणात आहे.

तिसरा सिलिंडर

हे इंजिन हवेने थंड होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही, होज पाइप नाहीत. गळायला, उकळायला किंवा थंडीत गोठायला काही नाही. वाळवंटात ही मोठीच सोय. पण ती हवा आपोआप येत नाही. इंजिन मागच्या बंद कप्प्यात असतं, त्यामुळे पंख्याने हवा ढकलावी लागते. हा पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर बसवलेला आणि दोन्ही एका पट्ट्यावर फिरणारे. पट्टा तुटला की डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागतो. दुसऱ्या एखाद्या गाडीत तो दिवा ‘बॅटरी चार्ज होत नाही, पुढच्या गावात बघू’ एवढंच सांगतो. इथे त्याचा अर्थ पंखा थांबला असा होऊ शकतो, म्हणून जिथे असाल तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. तसंच पुढे रेटलं तर इंजिन भाजून निघतं. थांबलात तर काम थोडक्यात आटपतं. पुलीचे दोन भाग सोडवायचे, नवा पट्टा घालायचा आणि मधल्या पातळ चकत्या कमी-जास्त करून ताण जुळवायचा. एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, थोडा वेळ. जाणकार जादा पट्टा बाळगल्याशिवाय गावाबाहेर पडत नाहीत.

दुसरं दुखणं लपलेलं. सुरुवातीच्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच उभा केलेला होता, नेमका तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत. त्यामुळे त्या सिलिंडरला मिळणारी हवा आधीच तापलेली असे. लांब चढावर त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून ताणला जाई. शेवटी त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडलं की इंजिन संपलं. हा कूलर बाजूला घेऊन त्याला स्वतंत्र हवा देणारी रचना सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आली. तोवर उपाय एकच होता: दर पाच हजार किलोमीटरच्या आत, सकाळी इंजिन गार असताना टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यातली, फट तपासणं. ती जेमतेम ०.१ ते ०.१५ मिलिमीटरची. नुसती फट जुळवून काम संपत नाही, ती आधी किती होती हेही लक्षात ठेवायचं. तिसऱ्या सिलिंडरची फट दर वेळी कमी भरत असेल, तर व्हॉल्व्ह ताणला जातोय आणि हेड उतरवायची वेळ जवळ आली आहे. फट मोजणारी फीलर गेजची पातळ पट्टी इथे नाडीपरीक्षेचं काम करते.

मग केबली. पेडल पुढे आणि इंजिन मागे, म्हणून रेसची आणि क्लचची केबल गाडीच्या पोटाखालून पार मागेपर्यंत जाते आणि कधीतरी तुटते. रेसची केबल तुटली तर कार्ब्युरेटरचा आयडलचा स्क्रू आवळून इंजिनाचा वेग वाढवतात आणि संथपणे गाव गाठतात. क्लचची तुटली तर पहिल्या गिअरमध्ये ठेवूनच स्टार्टर मारायचा आणि पुढचे गिअर इंजिनाचा आवाज ऐकून, वेग जुळवून टाकायचे. ‘लिटल मिस सनशाइन’ या २००६च्या चित्रपटात क्लच गेलेल्या पिवळ्या व्हॅनला सगळं कुटुंब धक्का मारतं आणि पळत पळत एकेक जण आत उडी घेतो. प्रेक्षक हसतात. या व्हॅनचे मालक हसतात आणि मान डोलावतात.

काहीच जमलं नाही तर शेवटचा उपाय इंजिन उतरवण्याचा. पहिल्या पिढीच्या व्हॅनमध्ये ते गिअरबॉक्सला फक्त चार नट-बोल्टांनी जोडलेलं असतं. वायरी, पेट्रोलची नळी आणि केबली सोडवायच्या, खाली जॅक लावायचा, चार बोल्ट काढायचे आणि इंजिन मागे ओढून खाली घ्यायचं. सवयीचा माणूस हे तासाभरात करतो. सवय नसलेल्याला दिवस लागतो, पण काम होतं.

इंजिनिअरची तेलकट पोथी

सवय नसलेल्यांसाठी १९६९ साली एक पुस्तक आलं: ‘हाऊ टू कीप युअर फोक्सवॅगन अलाइव्ह’. लेखक जॉन म्यूर हा नोकरी सोडून न्यू मेक्सिकोत स्थायिक झालेला इंजिनिअर. उपशीर्षकातच तो वाचकाला ठार अडाणी ठरवतो आणि मग त्या अडाण्याच्या हातात पाना देऊन त्याच्याकडून पूर्ण इंजिन खोलून परत बसवून घेतो. पीटर ॲश्वांडेनची चित्रं इतकी बारीक आहेत की प्रत्येक नट आपली जागा दाखवतो. पुस्तकाला तारेची बांधणी होती, म्हणजे गाडीखाली आडवं पडलेल्या माणसाशेजारी ते उघडं राहावं. त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

कंपनीचं मॅन्युअल मेकॅनिकसाठी असतं. म्यूरने ते प्रवाशासाठी लिहिलं, आणि गाडीकडे बघायची रीतही शिकवली. रोजचा आवाज ऐका, वास घ्या, हाताला काय लागतं ते बघा, घाई करू नका. या व्हॅनचा मालक अर्धा मेकॅनिक होतो ही प्रतिमा घडवण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

गोव्याच्या वाटेवर

१९७९ पर्यंत इस्तंबूलहून पूर्वेला एक अखंड रस्ता खुला होता: तेहरान, मशहद, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर, पेशावर, लाहोर, दिल्ली. तिथून कुणी काठमांडूला, कुणी हणजुणे-कळंगुटच्या किनाऱ्याला. या वाटेवर बस होत्या, ट्रक होते, जुन्या रुग्णवाहिकाही होत्या. फोक्सवॅगन व्हॅन त्यांतली सर्वांत ओळखीची. तेहरानमध्ये या प्रवाशांचं स्वस्त हॉटेल अमीर कबीर रस्त्यावर होतं, आणि तो रस्ता गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांचा. याहून सोयीची जागा मिळणं कठीण.

भारतात शिरल्यावर अडचण वेगळी. इथल्या फिटरांचे हात ॲम्बॅसडर, फियाट आणि जीपवर बसलेले. ही इंजिनं पुढे असलेली आणि पाण्याने थंड होणारी. आपल्याकडची चपट्या तोंडाची व्हॅन म्हणजे आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर. तिचंही इंजिन पुढे, पाण्यावरचं आणि डिझेलचं. टाइप २ भारतात कधी बनली नाही, त्यामुळे तिचा व्हॉल्व्ह किंवा क्लच केबल दुकानात मागून मिळायची नाही. भाग सोबत आणायचा किंवा इथे घडवून घ्यायचा.

आणि गाडी टाकून निघून जायचीही सोय नव्हती. परदेशी गाडी ‘कार्ने’ या जकातीच्या दस्तावर देशात येई. बाहेर पडल्याचा शिक्का त्यावर मिळाला नाही तर आयातशुल्काची भली मोठी रक्कम मालकाच्या गळ्यात पडे. हणजुण्याच्या बाजारात प्रवासी कॅमेरा विकत, कपडे विकत, पण इंजिन बसलेली व्हॅन कायदेशीरपणे विकणं सोपं नव्हतं. ती दुरुस्त करून परत न्यावीच लागे. तेव्हाच्या प्रवाशांच्या चिकाटीचं कौतुक करताना या शिक्क्याचा वाटाही मोजायला हवा. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट मिटली.

जमेची आणि नावेची बाजू

या गाडीच्या प्रेमात काही गोष्टी विसरल्या जातात. चालकाचे गुडघे आणि समोरून येणारा ट्रक यांच्यामध्ये पत्र्याची एक पाटी असते, फार काही नाही. बाजू उंच आणि सपाट असल्याने आडव्या वाऱ्यात गाडी लेन सोडते. हीटर एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालतो. त्याचे पत्रे सडले तर धुराचा विषारी वायू आत येऊ शकतो. मालकांना सर्वांत मोठी धास्ती आगीची असते. पेट्रोलची रबरी नळी जुनी होऊन चिरली की तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकतं, आणि इंजिनाचं आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असल्याने पेटलेली व्हॅन विझवणं कठीण. नव्या नळ्या आणि हाताशी अग्निशामक, यांत काटकसर करायची नाही.

कंपनीही या रचनेपासून दूर गेली. तिसऱ्या पिढीत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनाला पाणी मिळालं, १९९० साली चौथ्या पिढीत इंजिन पुढे गेलं. ब्राझीलमध्ये जुन्या बॉडीची कोंबी मात्र १९५७ पासून निघतच राहिली. २०१४ पासून नव्या गाड्यांना एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे होणार, आणि ते या बॉडीत बसवणं परवडणार नाही, म्हणून २०१३च्या अखेरीस तिचं उत्पादन थांबलं. इतकी वर्षं चालल्याचा फायदा असा की सुटे भाग आजही नवे मिळतात. तोटा असा की आता ती गरिबाची गाडी उरली नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात तेवीस खिडक्यांची व्हॅन दोन लाख डॉलरच्या वर गेली. तेवढ्या किमतीची वस्तू कोण चिखलात नेणार? चालणाऱ्या व्हॅन दुसऱ्या असतात: गंजाला ठिगळं लावलेल्या, रंग उडालेल्या, दारं ओढून लावाव्या लागणाऱ्या.

अशी एखादी घेऊन आज निघायचं तर नियम जुनेच आहेत. दिवसाला अडीच-तीनशे किलोमीटरच्या वर आखू नये. घाट सकाळी गारव्यात चढावा, आणि इंजिन कुंथायच्या आत खालच्या गिअरमध्ये यावं. पट्टा, केबली, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, ऑइल आणि फीलर गेज सोबत असावं. रोज सकाळी ऑइलची पट्टी बघावी. या इंजिनात जेमतेम अडीच लिटर ऑइल मावतं, आणि तेच त्याला थंडही ठेवतं. मुक्कामाची जागा आगाऊ ठरवली तर ती मोडायची तयारी ठेवावी. आठ दिवसांची रजा आणि नवव्या दिवशी कामावर हजेरी असेल, तर या गाडीच्या वाटेला जाऊ नये. ती पेट्रोल पिते त्याहून जास्त वेळ पिते. ज्याला हा हिशेब महाग वाटेल त्याने निःसंकोच नवी व्हॅन भाड्याने घ्यावी. ती जलद आहे, सुरक्षित आहे, आणि बंद पडलीच तर कंपनीला फोन करून वाट बघण्यापलीकडे तुमच्याकडून तिची काही अपेक्षा नाही.