हौशी छायाचित्रकाराचे पुनरागमन

तरुणपणी छायाचित्रणाचा छंद हौसेने जोपासलेला, पुढे नोकरी, संसार आणि महागाई यांच्या रेट्यात तो मागे पडलेला, आणि आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर त्याची पुन्हा ओढ लागलेली, असे अनेक लोक आज शहरांतून व तालुक्यांच्या गावांतून आढळतात. त्यांनी ज्या जगात कॅमेरा कपाटात ठेवला, ते जग आता उरलेले नाही. पूर्वी लग्नमंडपात किंवा गडावरच्या सहलीत कॅमेरा बाळगणारा एखादाच असे आणि सर्वांची नजर त्याच्याकडे लागे. आज कॅमेरा नसलेला माणूसच शोधावा लागतो, कारण प्रत्येकाच्या खिशातल्या दूरध्वनीत तो आहे. साहजिकच या परतणाऱ्यांपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. जे सर्वांनाच विनासायास साधते, त्याचा छंद तो कसला?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी जुना छंद नेमका कशाचा होता, हे पाहणे उपयुक्त ठरेल. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी कॅमेरा सामान्यांच्या आवाक्याबाहेर होता. अशा काळात वडोदऱ्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक-३ या साध्या कॅमेऱ्याने हजारो घरांत प्रवेश मिळवला. १२० क्रमांकाच्या रोलवर त्यातून बारा चौकोनी चित्रे निघत. १९६० साली उटकमंड येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म बाजारात आली आणि कृष्णधवल छायाचित्रणाला देशी आधार मिळाला. तरीही बारा चित्रे म्हणजे बाराच चित्रे. कळ दाबण्यापूर्वी मनाशी विचार करावा लागे. उन्हाची दिशा, चेहऱ्यावरची छाया, पाठीमागची भिंत हे सारे डोळ्यांनी तोलून पाहावे लागे. टंचाईने लावलेली ती शिस्त होती.

छंदाचा दुसरा अर्धा भाग अंधारात चाले. न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावायचे, लाल दिवा पेटवायचा, डेव्हलपर, पाणी आणि हायपो यांच्या थाळ्या ओळीने मांडायच्या आणि पांढऱ्या ब्रोमाइड कागदावर हळूहळू उमटणारा चेहरा श्वास रोखून पाहायचा, यातला आनंद ज्यांनी अनुभवला त्यांना तो कधीच विसरता आला नाही. हा आनंद डिजिटल तंत्राने हिरावून घेतला अशी समजूत सार्वत्रिक आहे. पण ती पुरती खरी नाही. त्याआधीच रंगीत फिल्मने ते काम केले होते. रंगीत निगेटिव्ह धुण्यासाठी रसायनांचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास अत्यंत काटेकोरपणे राखावे लागते. घरच्या न्हाणीघरात हे साधणे दुष्कर असल्याने रोल कोपऱ्यावरच्या कलर लॅबकडे जाऊ लागला आणि हौशी छायाचित्रकार स्वतःच्याच चित्राचा गिऱ्हाईक बनला. हातचे अर्धे काम गेले, आणि अनेकांच्या बाबतीत त्याबरोबर छंदही गेला.

ज्या तंत्राने पुढे फिल्मची सद्दी संपवली, त्याचा जन्म फिल्मच्याच माहेरघरी झाला, ही इतिहासातील एक मोठी विसंगती होय. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. तो जेमतेम दहा हजार बिंदूंचे कृष्णधवल चित्र टिपत असे आणि ते कॅसेटच्या फितीवर नोंदवण्यास त्याला तेवीस सेकंद लागत. हाताशी आलेल्या या शोधाकडे कंपनीने फिल्मच्या धंद्याच्या काळजीपोटी पुरेशा तत्परतेने पाहिले नाही. जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीपासून संरक्षण मागण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

तथापि इतकी उलथापालथ होऊनही, परतणाऱ्या हौशी माणसाला पहिला सुखद धक्का बसतो तो बदलाचा नव्हे, तर सातत्याचा. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ३६ बाय २४ मिलिमीटरची जी चौकट रूढ केली, तीच आज चांगल्या डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदकाचे माप ठरवते. भिंगाच्या छिद्राचे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हे आकडे आहेत तसेच आहेत. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो, हा नियमही तोच आहे. जुनी भिंगे साध्या जोडकड्याने नव्या कॅमेऱ्यावर बसवता येतात. याचा अर्थ असा की तीस वर्षांपूर्वी कमावलेले प्रकाशाचे ज्ञान वाया गेलेले नाही. यंत्र जुने झाले. विद्या जुनी झाली नाही.

एक सवय मात्र मोडावी लागते. निगेटिव्ह फिल्मवर थोडा अधिक प्रकाश पडला तरी निभावून जाई. कमी पडला तर छायेतील तपशील कायमचा हरपे. म्हणून जुने छांदिष्ट छायेकडे पाहून मोजमाप ठरवत. डिजिटल संवेदकाचा स्वभाव बरोबर उलट आहे. उजळ भागात मर्यादेपलीकडे प्रकाश पडला की तेथे कोरी पांढरी जागा उरते आणि ती कशानेही भरून काढता येत नाही. छायेतून मात्र पुष्कळ काही पुढे आणता येते. तेव्हा आता उजेड आधी सांभाळावा लागतो. संगणकावर संस्कार करण्यासाठी कच्च्या स्वरूपात साठवलेल्या चित्रात बहुधा चौदा बिटांची नोंद असते, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी छटांच्या सोळा हजारांहून अधिक पायऱ्या असतात. नेहमीच्या जेपेग चित्रात त्या अवघ्या २५६ असतात. ही कच्ची नोंद म्हणजेच आजची निगेटिव्ह आणि संगणक हीच आजची काळोखी खोली. कलर लॅबने हातून काढून घेतलेले अर्धे काम डिजिटल तंत्राने परत केले आहे, ही गोष्ट या तंत्राला नावे ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवी.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती विपुलतेची आहे. बारा चित्रांच्या जागी एका सकाळी बाराशे चित्रे घेता येतात. चित्र क्षणात दिसते, त्यामुळे चूक तत्काळ कळते आणि शिकण्याची गती वाढते, हा फायदा नाकारण्याचे कारण नाही. पूर्वी वहीत टिपून ठेवावे लागणारे छिद्र, वेग इत्यादी तपशील आता चित्राबरोबर आपोआप नोंदले जातात. पण पडताळून पाहण्याची सोय आणि पाहण्याची कुवत या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाराशेंतील अकराशे नव्वद चित्रे बाजूला काढण्याचे धैर्य ज्याला नाही, त्याच्यापाशी संग्रह नसून केवळ साठा असतो. पूर्वी निवड कळ दाबण्यापूर्वी होई, आज ती नंतर करावी लागते. निवडीतून सुटका मात्र तेव्हाही नव्हती, आजही नाही.

विपुलतेचे दुसरे रूप बाजारात दिसते. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२२ साली ती संख्या ८० लाखांच्या आसपास उतरली. बाकीचे गिऱ्हाईक दूरध्वनीने नेले. उरलेला उद्योग हौशी आणि व्यावसायिक यांच्यावरच तगून असल्याने त्यांना दरवर्षी नवे यंत्र घेण्याचा मोह घातला जातो. हाती थोडा पैसा खुळखुळत असलेला निवृत्त गृहस्थ या मोहाचे सोपे लक्ष्य असतो. भिंगांची चर्चा वाढते आणि चित्रे घटतात. फिल्मच्या पुनरुज्जीवनाची जी लाट आली आहे, तिच्याकडेही याच सावधपणे पाहणे इष्ट. २०२४ साली पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, हे खरे. ज्याला फिल्मची संथ लय हवी त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु महागडा रोल घातल्याने दृष्टी येत नाही.

मग दूरध्वनी असताना कॅमेरा कशाला, हा प्रश्न शिल्लक राहतो. आजचा दूरध्वनी एका क्षणात अनेक चित्रे टिपून, त्यांचे मिश्रण करून, आकाश निळे आणि चेहरा उजळ करून देतो. परिणाम देखणा असतो. पण त्यातील बहुतेक निर्णय कोणा अज्ञात अभियंत्याने आधीच घेऊन ठेवलेले असतात. छंद म्हणजे ते निर्णय परत स्वतःच्या हाती घेणे. एप्रिल २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेतील पारितोषिक नाकारले, कारण त्याने पाठवलेले चित्र कॅमेऱ्यातून नव्हे, कृत्रिम बुद्धिमत्तेतून निघाले होते. परीक्षकांनाही फरक ओळखता येत नसेल, तर ‘हे असे घडले, तेव्हा तेथे एक माणूस उभा होता’ या साक्षीचे मोल वाढणार हे उघड आहे. कोणाच्याही मागणीविना आपल्या गावचा बाजार, नदीकाठ, पाडली जाणारी वाडा-वस्ती टिपून ठेवणारा हौशी माणूस ती साक्ष देऊ शकतो.

साक्षीदाराला जबाबदारीही असते. जागतिक वारशात २०१२ साली समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील कास पठारावर एका फुलाच्या चित्रासाठी दहा फुले तुडवणे, भिगवणच्या पाण्यात रोहित पक्षी उडावेत म्हणून नाव त्यांच्या थव्यावर रेटणे, घरट्याजवळ ठाण मांडून पिलांची उपासमार करणे, वारीतल्या थकल्या म्हातारीच्या तोंडासमोर न विचारता भिंग रोखणे, हे प्रकार छंदाला काळिमा लावणारे आहेत. देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९७० साली कॅमेरा खाली ठेवला, तो हात थकले म्हणून नव्हे. व्यवसायातील सभ्यता ओसरत चालल्याचे त्यांना असह्य झाले होते. कोडॅकने न्यायालयात धाव घेतली त्याच महिन्यात, जानेवारी २०१२ मध्ये, त्यांचे निधन झाले. तंत्राचा अस्त आणि मर्यादेचा अस्त या दोन्हींची आठवण तो महिना करून देतो.

शेवटचा मुद्दा टिकाऊपणाचा. इंटरनेटच्या आद्य शिल्पकारांपैकी एक असलेले विंट सर्फ यांनी २०१५ साली इशारा दिला होता की, आजची डिजिटल चित्रे उद्याच्या यंत्रांना वाचताच आली नाहीत, तर एक अख्खे युग विस्मृतीत जाईल. म्हणून जी चित्रे मोलाची वाटतात ती कागदावर छापून ठेवा. ज्या घरात आजोबांचे १९५० सालचे चित्र भिंतीवर शाबूत आहे, त्याच घरात दहा वर्षांपूर्वीच्या बारशाची चित्रे बिघडलेल्या संगणकाबरोबर नाहीशी झालेली असतात. निवडक चित्रांच्या दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवणे आणि वर्षाकाठी पन्नास चित्रांचा एक छापील संग्रह करणे, एवढे व्रत पाळले तरी पुढच्या पिढीवर उपकार होतील.

वयाची शंका घेण्याचे कारण नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती पहिला कॅमेरा आला तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक आणि जावई यांनी दिलेल्या भेटीच्या रूपाने. एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ व्यक्तिचित्रांत त्यांच्या चित्रांची गणना होते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने वैद्य होते. लाला दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करता करता छायाचित्रणाकडे वळले. या कलेची उभारणी अशा हौशी माणसांनीच केली आहे. तेव्हा कपाटातून कॅमेरा पुन्हा बाहेर काढणारा माणूस गेलेल्या काळाच्या मागे धावतो आहे असे समजणे चूक ठरेल. घाईच्या जगात तो थोडा वेळ थांबून पाहू इच्छितो, आणि अशा थांबणाऱ्या माणसांची आज उणीव आहे.