वजन उतरवायचं इंजेक्शन

पालकसभा संपल्यावर एका ताईंनी हळूच विचारलं, "सर, ते वजनाचं इंजेक्शन दौंडला मिळतं का हो?" मिळतही असेल, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोव्ही जूनमध्ये. आठवड्यातून एकदा टोचायचं. ही औषधं आतड्यातल्या हार्मोनची नक्कल करतात; पोट सावकाश रिकामं होतं, भूक मरते. त्यातूनच मळमळ, उलट्या, जुलाब नाहीतर बद्धकोष्ठ. म्हणून डोस हळूहळू वाढवतात. मैत्रिणीचा डोस आपल्याला चालत नाही! पोटातली कळ पाठीत जाऊन थांबेना, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. थेट दवाखाना गाठावा. पित्ताचे खडेही होतात. गरोदरपणात घेऊच नये. इन्सुलिनवर असणाऱ्यांची साखर एकदम उतरू शकते, त्यात चतुर्थीचा कडक उपवास असला तर बघायलाच नको.

चिठ्ठीचं औषध म्हणजे निर्धोक, असंही नाही. सिब्युट्रामिन ही वजनाची गोळी हृदयाच्या धोक्यामुळे २०११ मध्ये आपल्याकडे बंद झाली.

न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. लाइट किती जाते, ते शिरूरकरांना काय सांगायचं!

घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, "आत्याचं गळ्याचं ऑपरेशन झालंय." म्हटलं, मग डॉक्टरांना आधी तेच सांगा.