सातबारा संगणकात गेला, पुढे काय?

व्याख्यानाला येणाऱ्या आपणां शहरवासीयांपैकी पुष्कळांची गावाकडे थोडीबहुत वडिलार्जित जमीन असते. सातबारा घरबसल्या मिळू लागला, तेव्हा आता तिची काळजी मिटली, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती जरा तपासून पाहावी असे आम्हांस वाटते.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा यांची जोडी. सातात जमीन कोणाच्या नावे व बोजा कोणाचा हे असते, बारात पीक कोणते ते. पण हा उतारा आपण होऊन काही ठरवीत नाही. त्याच्यामागे गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही असते. खरेदी झाली, कोणी वारले, वाटणी झाली, की तलाठी (२०२४ साली त्यांचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले) तेथे नोंद धरतो आणि संबंधितांना नोटिसा काढतो. पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबारा बदलतो. संगणक आला तरी हा क्रम तोच आहे.

हस्तलिखित उतारे संगणकात भरताना कोठे क्षेत्र चुकले, कोठे नाव गळले. तेव्हा २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. संगणकातला सातबारा गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचायचा! एवढ्या यंत्रसामग्रीत आम्हांला ही जुनी युक्तीच अधिक भावली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला.

ती स्वाक्षरी सांगते ती एकच गोष्ट: दप्तरात आहे तेच या कागदावर आहे. दप्तरातले खरे की खोटे, ते ती सांगत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १५७ वे कलम म्हणते की, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. मानावी, एवढेच. वडील वारल्यावर भावांनी वारसनोंदीत बहिणीचे नाव घातलेच नाही, तर संगणक ती उणीव बिनचूक छापून देईल. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिला मिळालेला हिस्सा त्यामुळे बुडत नाही. पण तो मिळविण्यासाठी तिला झगडावे लागते, आणि दरम्यान जमीन विकली गेली तर गिऱ्हाईकही अडकते.

उताऱ्यावर फेरफारांचे क्रमांक दिलेले असतात. त्यांतील वारसाचा फेरफार मागवावा, आणि त्यात भावंडांची किती नावे आहेत ती मोजावी.