सोलकडे वळणं म्हणजे विकलं जाणं नव्हे

पोस्ट-पंक बँडवाले सोल संगीताकडे वळले ते पैशासाठी, हा आरोप जुना आहे. मला तो पटत नाही, आणि स्क्रिटी पोलिटीचं उदाहरण त्यावर पुरेसं बोलकं आहे. लंडनमधल्या या डाव्या विचारांच्या बँडनं १९७८ मध्ये पहिली रेकॉर्ड स्वतःच काढली, तीही खर्चाचा हिशेब थेट कव्हरवर छापून. १९८० च्या सुमारास गायक ग्रीन गार्टसाइड आजारी पडला आणि विश्रांतीसाठी वेल्सला गेला. तिथं तो अमेरिकन कृष्णवर्णीयांचं संगीत मनापासून ऐकू लागला. सोलकडे का वळायचं, हे त्यानं साथीदारांना पानंच्या पानं लिहून समजावलं. नुसता पैसाच हवा असलेला माणूस एवढा खटाटोप कशाला करेल? पुढं १९८४ च्या ‘वुड बीझ’ या गाण्यात सोल गायिका अरीथा फ्रँकलिनचं नाव थेट शीर्षकाच्या कंसात आलं आणि निर्माता होता अरीथाबरोबर काम केलेला आरिफ मार्दिन. ऐकून बघा: ठोके यंत्रासारखे काटेकोर आणि वर ग्रीनचा हलका, जवळजवळ कुजबुजता आवाज.

गोऱ्यांनी काळ्यांचं संगीत उचललं, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्या व्यवहारात नफा कुणाकडं गेला हा प्रश्न खराच आहे, तो झटकता येणार नाही. पण ग्रीननं ऋण लपवलं नाही, उलट ते शीर्षकातच मांडलं. शिवाय देवाणघेवाण एकतर्फीही राहिली नाही: १९८६ च्या ‘टुटू’ अल्बमवर खुद्द जॅझवादक माइल्स डेव्हिसनं स्क्रिटी पोलिटीचं ‘परफेक्ट वे’ वाजवलं.