पाऊस अल्लाह पाडतो, धूर मात्र आपला

सातवीच्या वर्गात हवामानाचा धडा चालू होता. बाहेर पाऊस कोसळत होता. "माणसाच्या वागण्यामुळे हवामान बदलत आहे," असे मी म्हटले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, पाऊस तर अल्लाह पाडतो. त्यात माणूस काय करणार?"

वर्गातली कुजबुज थांबली. मुलीने मनापासून विचारले होते. असे प्रश्न आपल्या घराघरांत विचारले जातात, म्हणून त्या दिवशी दिलेले उत्तर इथे जरा सविस्तर मांडते.

आम्हा मालाडकरांना २ जुलै २०१९ ची रात्र विसरता येत नाही. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मालाड पूर्वेला महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत मध्यरात्रीनंतर कोसळली आणि पिंपरीपाडा, आंबेडकर नगर इथल्या झोपड्यांवर पाण्याचा लोंढा आला. पंचवीसहून अधिक माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती.

तो एका रात्रीचा पाऊस केवळ तापमानवाढीमुळे पडला, असे म्हणणे बरोबर होणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झालाच होता. प्रश्न आहे तो अशा दिवसांची संख्या वाढण्याचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातील नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे त्यांना आढळले. त्याच काळात पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट घटला. म्हणजे बरेच दिवस कोरडे आणि मग एकदम धो-धो.

असे का होते? कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. हा वायू जमिनीची उष्णता अडवून धरतो. थंडीत आपण गोधडी घेतो, तशी ही पृथ्वीवरची गोधडी समजा. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. गोधडी जाड झाली, पृथ्वी एक अंशाहून अधिक तापली. आणि हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. अरबी समुद्रही तापत असल्याने बाष्पाची कमतरता नाही. तेच पुढे आपल्या छपरांवर कोसळते.

हा धूर लांबच्या देशांतलाच आहे असेही नाही. आपल्या उपनगरांना वीज पुरवणारे एक केंद्र डहाणूला आहे, तिथे कोळसा जळतो. रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहिला, तर त्याचा थोडा धूर डहाणूच्या चिमणीतून निघतो.

समुद्र तापला की वादळांनाही जोर येतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. आपल्यापैकी अनेकांची मुळे श्रीवर्धन, म्हसळ्याकडची. नारळी-पोफळीच्या वाड्या कशा आडव्या झाल्या, हे त्यांना सांगायला नको. पोफळ पुन्हा लावली तरी सुपारी हाती यायला काही वर्षे जातात. वर्षभरातच, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळ मुंबईजवळून गेले आणि ऐन मे महिन्यात एका दिवसात दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला.

यात मोठा अन्यायही आहे. भारतात दर माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकेत सुमारे चौदा टन. आपल्या शहरातही पत्र्याच्या घरात एक पंखा लावून राहणाऱ्याचा वाटा सर्वांत कमी. उन्हाळ्यात तोच भाजतो आणि पावसाळ्यात त्याच्याच घरात पाणी शिरते.

म्हणून केवळ दिवे-पंखे बंद करून भागणार नाही, पण तेही करावेच. महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आहे. त्यातले आपल्या वॉर्डात काय झाले, हे नगरसेवकाला विचारावे. मालाडच्या खाडीतली तिवरे भरतीचा जोर अडवतात. त्यांत राडारोडा टाकला जात असेल तर मोहल्ला कमिटीने तक्रार करावी. वस्तीवरची भिंत, उतार, नाले यांची पाहणी मे महिन्यातच मागावी. पाऊस सुरू झाल्यावर उशीर होतो.

त्या मुलीला मी म्हटले, "बेटा, पाऊस अल्लाहच पाडतो. पण धूर आपण सोडला, नाल्यात कचरा आपण टाकला, भिंतही माणसानेच बांधली. हिशेब आपल्याला आपल्या हातांनी केलेल्याचा द्यायचा आहे."

ती बसली. मग हळूच म्हणाली, "टीचर, आमच्या घरामागेही एक भिंत आहे." दुसऱ्या दिवशी मी तिच्या अम्मीला शाळेत बोलावले आणि आम्ही दोघींनी मिळून वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिला.