मुंडगोडच्या विहारांतील अध्यापन

उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोड तालुका एके काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. तथापि तेथे नांदणाऱ्या गांदेन आणि द्रेपुंग या तिबेटी महाविहारांत महाराष्ट्रातून अध्यापनासाठी जाणारा मनुष्य क्वचितच आढळतो, ही उणीव मला मनापासून सलते.

हे विहार मूळचे ल्हासा परिसरातले. गांदेनची स्थापना 1409 मधली, द्रेपुंगची 1416 मधली. 1959 साली तिबेट सोडून आलेल्या भिक्षूंना प्रथम उत्तर बंगालमधील बक्सा येथे, जेथे इंग्रज सरकार राजबंद्यांना डांबून ठेवीत असे त्याच जागी, आश्रय मिळाला. क्षयाने अनेकांचे बळी घेतले, तरीही पठण खंडित झाले नाही, आणि सुमारे दहा वर्षांनी, जंगल तोडून वसविलेल्या मुंडगोडच्या या वसाहतीत त्यांनी आपली विद्यापीठे नव्याने उभारली.

येथे स्वयंसेवकाकडून बहुधा इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांची अपेक्षा असते. बालभिक्षू लडाख, स्पिती, अरुणाचल, नेपाळ अशा नाना प्रदेशांतून आलेले. त्यांचा दिवस पहाटेच्या प्रार्थनेने आणि मोठ्याने केलेल्या पाठांतराने सुरू होतो, आणि त्या भरगच्च दिनक्रमातून आपल्या तासासाठी जी सवड निघेल तीवरच शिक्षकाने समाधान मानावयाचे. मुले त्याला आदराने ‘गेन-ला’ म्हणतात. पुस्तक जमिनीवर ठेवू नये, ग्रंथाकडे पाय करून बसू नये, हे शिष्टाचार आपल्याला सांगावे लागत नाहीत.

प्रौढ भिक्षूंचा वर्ग मात्र निराळा. धर्मकीर्तीचा प्रमाणवार्त्तिक, चंद्रकीर्तीचा मध्यमकावतार, वसुबंधूचा अभिधर्मकोश असे नालंदेच्या परंपरेतले ग्रंथ वर्षानुवर्षे अभ्यासून ‘गेशे’ ही पदवी मिळवू पाहणारा हा विद्यार्थी सायंकाळी वादाच्या अंगणात उतरतो. पूर्वपक्ष करणारा उभा राहून, टाळी वाजवून प्रश्न टाकतो. बसलेल्याने मान्य आहे, कारण सांगा, हेतू असिद्ध आहे, व्याप्ती नाही, अशा मोजक्या उत्तरांतच आपली बाजू राखावयाची असते. ज्याची बुद्धी अशी घासली गेली आहे त्याला पृथ्वी सूर्याभोवती फिरते एवढे सांगून भागत नाही. अभिधर्मकोशातील मेरुकेंद्रित विश्वरचना त्याला मुखोद्गत असते आणि तुमचा हेतू कोणता, हे तो विचारणारच. विज्ञानाने निर्विवाद सिद्ध केलेले बौद्ध मताला बाधक ठरल्यास ते मतच सोडावे, असे दलाई लामांनी स्पष्ट सांगून ठेवल्यामुळे ही चर्चा मोकळेपणाने होते. अशा वर्गात सूत्रे फळ्यावर लिहून देणाऱ्यापेक्षा, एखादा साधा प्रयोग करून त्यावर वाद होऊ देणारा शिक्षकच अधिक उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

वेतन नसते, निवास आणि भोजन यांची व्यवस्था त्या त्या विहाराशी आधी पत्रव्यवहार करून ठरवावी. महिन्याभरासाठी येऊन वर्णमालेपासून आरंभ करणारा आणि मुलांना लळा लागताच निघून जाणारा शिक्षक मला मान्य नाही, कारण त्याच्या मागून येणारा पुन्हा वर्णमालेपासूनच सुरुवात करतो आणि मुले जागच्या जागी राहतात. निदान वर्षभराची मुदत हवी. जाताना कोणाला काय शिकविले याचे दप्तर पुढच्यासाठी नीट लिहून ठेवावे. परदेशी नागरिकांना या वसाहतीत राहण्यासाठी केंद्र सरकारचा खास परवाना आगाऊ काढावा लागतो. भारतीयाला ती अट नाही, आणि आपल्याकडील निवृत्त गणितशिक्षकाला हुबळीपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे मोटारीने त्याच दिवशी तेथे पोहोचता येते.